पॅरा एसएफ, मार्कोस, गरुड, एनएसजी: कोण कुणाच्या हाताखाली?

प्रश्न असा आलाय की पॅरा कमांडो, मार्कोस, गरुड आणि एनएसजीचे ब्लॅक कॅट हे सगळे एकाच फोर्सचे भाग आहेत का, या सगळ्यांच्या वर एकच अधिकारी असतो का, आणि मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेल्या पोराला पॅरा एसएफमध्ये, म्हणजे लोक ज्यांना पॅरा कमांडो म्हणतात त्या पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसमध्ये, जाता येतं का. विचारणारा मुलगा भरतीची तयारी करतोय म्हणून सरळ अरे-तुरेत लिहितो. मी एसएफ बटालियनमध्ये बरीच वर्षं काढली, नंतर स्टाफवर असताना याच लोकांच्या कामाची आखणी करणाऱ्यांत बसलो, त्यामुळं टीमला काय लागतं आणि ते वरून मिळायला वेळ का लागतो हे दोन्ही जवळून बघितलंय. खाली लिहिलंय ते सगळं उघड माहितीतलं आहे.

तर, नाही. एक फोर्स नाही. पॅरा एसएफ आर्मीची, मार्कोस नेव्हीचे, गरुड एअर फोर्सचे, हे तिघं संरक्षण मंत्रालयाखाली. एनएसजी, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्ड, गृह मंत्रालयाखाली. आणि स्पेशल फ्रंटियर फोर्स, जिला एस्टॅब्लिशमेंट २२ पण म्हणतात, ती कॅबिनेट सचिवालयाखाली. म्हणजे एकाच देशाचे स्पेशल फोर्सेस तीन वेगवेगळ्या ठिकाणाहून हुकूम घेतात. यूट्यूबवर बघ, सगळीकडं एकच चर्चा, कुणाची ट्रेनिंग कडक, कुणाकडं कुठली रायफल. त्याला अर्थ नाही असं नाही, पण खरा फरक तिथं पडत नाही. हुकूम कोण देतो, न्यायला विमान कुणाचं, आणि शत्रू कुठं बसलाय ही खबर कुणाकडून येते, या तीन गोष्टी एका हातात आहेत की तीन हातांत, यावर कमांडो जिंकतो की मरतो हे ठरतं. पुढं जे लिहितोय ते सगळं याच नजरेनं वाच.

सुरुवात पॅरा एसएफपासून करू कारण बाकी बरंचसं त्यांच्याकडं बघून उभं राहिलं. १९६५ च्या लढाईत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या मेजर मेघ सिंग यांनी वेगवेगळ्या युनिटमधले स्वेच्छेनं आलेले जवान गोळा केले आणि काश्मीरमध्ये शत्रूच्या पाठीमागं जाऊन हल्ले केले. वेस्टर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबख्श सिंग यांनी त्यांना पाठबळ दिलं. कुठल्याही आस्थापनेच्या कागदावर ही तुकडी नव्हती, तिला मेघदूत फोर्स म्हणत. कामगिरी बघून आर्मीनं ठरवलं की हे कायमचं पाहिजे, आणि १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो बटालियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्यातूनच १० पॅरा कमांडो निघाली. ९ वाली डोंगराळ भागासाठी, १० वाली वाळवंटासाठी. ही वाटणी आजही बऱ्यापैकी टिकून आहे.

१९७१ मध्ये दोघींनी दाखवून दिलं की अशी युनिट्स नेमकी कशासाठी असतात. १० पॅरानं जयपूरचे लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांच्या हाताखाली जीपगाड्या घेऊन सिंधच्या वाळवंटात खोलवर मुसंडी मारली आणि छाछरो घेतलं, त्यांना महावीर चक्र मिळालं. ९ पॅरानं डिसेंबरच्या थंडीत पूँछ नदी ओलांडून मंढोलला पाकिस्तानच्या तोफा उडवल्या, त्या तोफा आपल्या ठाण्यांना आणि पुढच्या हल्ल्याला त्रास देत होत्या. दोन्हीकडं माणसं थोडी होती, पण लक्ष्य असं निवडलं होतं की थोड्या माणसांनी पूर्ण मोर्चाचा हिशोब बदलला. स्पेशल फोर्सेसचं काम हेच. खंदक घेणं, टेकडी धरून बसणं, गाव वेढणं ही इन्फंट्रीची, म्हणजे पायदळाची, कामं आहेत आणि इन्फंट्री ती फार चांगली करते.

१ पॅरा १९७८ मध्ये कमांडो झाली. मग बरीच वर्षं तीनच बटालियन होत्या. १९९६ मध्ये चौथी आली आणि ही आपल्या लोकांना माहीत असायलाच पाहिजे, कारण ती २१ मराठा लाइट इन्फंट्रीचं रूपांतर करून झाली, २१ पॅरा एसएफ. तिला वाघनख म्हणतात. ईशान्येच्या जंगलातलं काम ही तिची खासियत. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेलमध्ये डोग्रा रेजिमेंटच्या ताफ्यावर हल्ला होऊन १८ जवान गेले, त्यानंतर काही दिवसांत म्यानमारच्या हद्दीलगतच्या अतिरेक्यांच्या तळांवर जी कारवाई झाली ती या बटालियनची. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक मूळचे याच २१ पॅराचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सची (काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढणाऱ्या आर्मीच्या दलातली एक बटालियन) कमान करताना ते शहीद झाले, आणि नंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः आर्मीत अधिकारी झाल्या.

कारगिलनंतर संख्या वाढत गेली, २, ३ आणि ४ पॅरा एसएफमध्ये बदलल्या, नंतर ११ आणि १२ सारख्या नव्या उभ्या राहिल्या. आता पॅराशूट रेजिमेंटच्या जास्त बटालियन एसएफ आहेत आणि थोड्या एअरबोर्न. हा फरक बहुतेक लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. एअरबोर्न बटालियन म्हणजे विमानातून उडी मारून एकत्र लढणारी पायदळ बटालियन, जी आग्र्याच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये तोफखाना, इंजिनियर, डॉक्टर सगळ्यांसोबत जाते. दोघांच्याही डोक्यावर मरून रंगाची बेरे टोपी, छातीवर पंख, पण ज्याच्या छातीवर बलिदानचा बॅज आहे तो एसएफचा. आणि एसएफ बटालियन अशा ब्रिगेडमध्ये बांधलेल्या नसतात. एखादी ५० पॅरा ब्रिगेडसोबत असते, बाकीच्या नॉर्दर्न, वेस्टर्न, ईस्टर्न अशा कमांड मुख्यालयांना वाटून दिलेल्या असतात. म्हणजे उधमपूरला बसलेला नॉर्दर्न कमांडचा आर्मी कमांडर त्याच्या वाट्याची एसएफ कुठं वापरायची ते ठरवतो. पॅराशूट रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर बेंगळुरूला, उडी शिकवणारी शाळा आग्र्याला आणि ती एअर फोर्सची, एसएफचं स्पेशल ट्रेनिंग हिमाचलमधल्या बकलोहला.

आता बटालियनच्या आत डोकाव. साध्या इन्फंट्री बटालियनमध्ये कंपनी, प्लाटून, सेक्शन अशी उतरण असते. एसएफमध्ये टीम, ट्रूप आणि स्क्वॉड. टीम कमांडर साधारण मेजर, ट्रूपला कॅप्टन किंवा अनुभवी जेसीओ (जवानांतून वर आलेला सुभेदारासारखा अधिकारी), आणि शेवटी स्क्वॉड, साधारण सहा माणसांची. खरं युनिट हे स्क्वॉड आहे. त्यात एक जण रेडिओवाला, एक मेडिक, एक डिमॉलिशन म्हणजे स्फोटकांचं काम जाणणारा, एक स्नायपर किंवा मार्क्समन म्हणजे अचूक नेमबाज, एक पुढं चालणारा स्काउट, आणि कमांडर. हे पद नावापुरतं नसतं. मेडिकला सलाईन लावता येतं, छातीत गोळी लागून हवा अडकली तर ती बाहेर काढता येते, कारण हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याच्याशिवाय दुसरा डॉक्टर नाही. आणि प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याचं काम निम्मं तरी यायलाच पाहिजे, रेडिओवाला पडला की रेडिओ गप्प बसून चालत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कमांडोच्या पाठीवर सगळा दारूगोळा असतो. चार-पाच दिवसांच्या गस्तीला निघालेल्या स्क्वॉडचं सामान जमिनीवर पसरून बघितलंस तर दोनच गोष्टी जास्त दिसतील, पाणी आणि बॅटऱ्या. रेडिओच्या बॅटऱ्या, नाइट व्हिजनच्या बॅटऱ्या, जीपीएसच्या, थर्मल कॅमेऱ्याच्या, आणि थंडीत बर्फावर असशील तर त्या अर्ध्या वेळात उतरतात म्हणून दुप्पट, आणि त्यातल्या काही अंगातल्या कपड्यांत शरीराला चिकटून ठेवायच्या म्हणजे ऊब राहील. खाणं सगळ्यात आधी कमी होतं. पाकिटावरचं पुठ्ठ्याचं खोकं फेकून फक्त आतली पिशवी घ्यायची, चमचा एकच. निघण्याआधी सॅंड मॉडेल होतं, म्हणजे मातीत लक्ष्याचं मॉडेल करून, दोरी टाकून नाले दाखवून, प्रत्येक माणूस उभा राहून स्वतःच्या तोंडानं सांगतो की मी इथून जाणार, इथं थांबणार, माझा बडी म्हणजे जोडीदार हा, पहिली गोळी चालली तर मी इकडं, रेडिओ बंद पडला तर भेटायची जागा ही आणि तिथं इतके वाजेपर्यंत थांबणार. सगळ्यात धाकटा पॅराट्रूपरसुद्धा सांगतो. मेजर साहेबांनी सांगितलेलं काही पटलं नाही तर तिथं बोलायची त्याला मुभा असते, आणि ती मुभा बाकी आर्मीत इतकी दिसत नाही. माझ्या मते एसएफ वेगळी आहे ती इथं.

हे सगळं प्रोबेशनमधून येतं. पोरगा भरती होतो किंवा दुसऱ्या रेजिमेंटमधून स्वेच्छेनं येतो, आणि कित्येक महिने प्रोबेशनवर असतो. त्या काळात त्याला परत पाठवायला कारण लागत नाही. शारीरिक ताण सगळ्यांना माहीत आहे, झोप नाही, ओझं, लांब पल्ल्याचे मार्च. पण बघणारे सिनियर एनसीओ, म्हणजे जुने हवालदार-नाईक, टायमिंगपेक्षा दुसऱ्या गोष्टीकडं बघत असतात. तीन रात्री न झोपता हा पोरगा दुसऱ्याचं ओझं उचलतो का, नकाशावर जागा चुकली तर लपवतो की लगेच सांगतो. मी धडधाकट, पहिला नंबर काढणारी पोरं परत गेलेली बघितलीत, आणि अंगानं बेताची पण डोकं शांत असलेली टिकलेली बघितलीत.

नेव्हीचे मार्कोस १९८७ मध्ये उभे राहिले, मुख्य ठिकाण मुंबईचा नाविक तळ आयएनएस अभिमन्यू. पूर्वेकडं विशाखापट्टणमला आयएनएस कर्ण आहे, शिवाय गोवा, कोची आणि पोर्ट ब्लेअरला त्यांचे गट असतात. हे नेव्हीच्या कमांडच्या हाताखाली चालतात. समुद्रातलं जहाज, तेलाचे प्लॅटफॉर्म, किनाऱ्यावरची टेहळणी, पाण्याखालचं काम हे त्यांचं. पण १९९५ पासून काश्मीरमध्ये वुलर सरोवरावर पण ते तैनात आहेत, कारण अतिरेकी सरोवर ओलांडून यायचे आणि तिथं बोटीतलं काम त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला येत नाही. मार्च २०२४ चं एमव्ही रुएनचं ऑपरेशन नक्की वाच. सोमाली चाच्यांनी बळकावलेलं जहाज, भारतापासून अंदाजे २६०० किलोमीटरवर. आयएनएस कोलकाता पाठलाग करत होती, एअर फोर्सच्या सी-१७ विमानानं मार्कोसना बोटींसकट समुद्रात उतरवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले, आणि त्या चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. जहाज नेव्हीचं, विमान एअर फोर्सचं, माणसं मार्कोस, आणि तरी घड्याळ जुळलं. असं जमतं तेव्हा काय होतं त्याचा हा नमुना.

गरुड सगळ्यात नवीन, २००४ चे. काश्मीरमधल्या हवाई तळांवर हल्ले होऊ लागले तेव्हा एअर फोर्सला वाटलं की तळ वाचवायला आणि शत्रूच्या हद्दीत पडलेल्या पायलटला आणायला स्वतःची माणसं पाहिजेत. ट्रेनिंग सेंटर उत्तर प्रदेशात चांदीनगरला. त्यांच्या छोट्या तुकड्या आळीपाळीनं काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्ससोबत पाठवतात, अनुभव यावा म्हणून. ऑक्टोबर २०१७ मध्ये हाजिनला अशाच तैनातीत आपल्या महाराष्ट्राचे सार्जंट मिलिंद खैरनार शहीद झाले. पुढच्याच महिन्यात त्याच भागात कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला यांनी जीव दिला, त्यांना अशोक चक्र मिळालं.

एनएसजीबद्दल मुंबईकरांना सांगायची गरज नाही, पण रचना सांगतो. १९८६ च्या कायद्यानं आलेली फोर्स, गृह मंत्रालयाखाली, प्रमुख आयपीएस अधिकारी, तळ हरयाणात मानेसरला. तिची स्वतःची कायमची माणसं नाहीत, सगळे डेप्युटेशनवर, म्हणजे दुसऱ्या दलांतून ठरावीक काळासाठी आलेले. हल्ला करणारे स्पेशल अॅक्शन ग्रुप आर्मीचे, त्यांना मदत करणारे स्पेशल रेंजर ग्रुप केंद्रीय पोलीस दलांचे. मेजर संदीप उन्नीकृष्णन आर्मीचेच अधिकारी, बिहार रेजिमेंटचे, एनएसजीत डेप्युटेशनवर होते. काम देशातल्या शहरांतलं, ओलीस सोडवणं, विमान अपहरण, बॉम्ब. सीमेपलीकडं जायचं काम एनएसजीचं नाही. आपल्या पोलिसांचे फोर्स वन आणि गडचिरोलीचे सी-६० यांचं काम वेगळं, ते राज्याच्या गृह खात्याचे, त्यांना मिलिटरी स्पेशल फोर्सेसमध्ये धरू नये.

स्पेशल फ्रंटियर फोर्सची गोष्ट निराळी. चीनशी लढाई चालू असताना नोव्हेंबर १९६२ मध्ये उभी केली, सुरुवातीचे जवान तिबेटी निर्वासित, पहिले प्रमुख मेजर जनरल सुजान सिंग उबान, ठिकाण डेहराडूनच्या वरचं चक्राता. अधिकारी आर्मीचे जातात पण फोर्स आर्मीची नाही. १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरात हे लोक लढले आणि तेव्हा त्यांच्याबद्दल कुणी जाहीर बोललं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँगच्या दक्षिणेच्या टेकड्या आपण घेतल्या तेव्हा न्यिमा तेन्झिन सुरुंगाच्या स्फोटात गेले, त्यांच्या अंत्ययात्रेत भारताचा आणि तिबेटचा झेंडा एकत्र होता, आणि तेव्हा कुठं देशाला या लोकांची जाहीर ओळख झाली. अठ्ठावन्न वर्षांनी. मला ही गोष्ट आजही लागते.

आता मुद्द्यावर येतो. दोन ऑपरेशन्स शेजारी ठेवून बघ. पहिलं, नोव्हेंबर १९८८, मालदीव. सकाळी राष्ट्राध्यक्ष गयूम यांच्याकडून मदतीची हाक आली, आणि त्याच दिवशी रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमानं ५० पॅरा ब्रिगेडच्या जवानांना घेऊन हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. ब्रिगेडियर बुलसारा स्वतः पहिल्या विमानात होते. दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर. हे जमलं कारण ब्रिगेड आग्र्यात, विमानं आग्र्यात, दोघं रोज एकमेकांसोबत उड्या मारणारे, आणि एका बैठकीत निर्णय झाला. दुसरं, २६ नोव्हेंबर २००८. रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. मार्कोस मुंबईतच होते म्हणून तेच पहाटेआधी ताजमध्ये पोचले, पण हॉटेलमधून लोक सोडवणं हे त्यांचं मूळ काम नाही, आतला नकाशा नीट मिळालेला नाही. एनएसजी तयार होती, पण विमान चंडीगडहून यायचं होतं, मग दिल्ली, मग मुंबई, मग विमानतळावरून बसनं गावात. सकाळ झाली. त्या जवानांच्या हिमतीत काहीच कमी नव्हतं. विमान दुसऱ्या मंत्रालयाचं होतं आणि दुसऱ्या गावात होतं. नंतर मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबादला एनएसजीचे हब झाले, ते या एका रात्रीमुळं.

आणि तिसरं, ज्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ११ ऑक्टोबर १९८७ ची रात्र, श्रीलंकेतलं जाफना विद्यापीठ, आपली शांतिसेना तिथं गेली होती तेव्हाची गोष्ट. खबर होती की प्रभाकरन आणि तमिळ वाघांचे वरचे लोक तिथं आहेत. १० पॅराचे शंभरएक कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरनं मैदानावर उतरवायचे ठरलं. वाघांनी आपला रेडिओ ऐकला होता, ते मशीनगन लावून वाट बघत होते. हेलिकॉप्टरांना इतका मार बसला की शीखांची पुढची खेप जाऊच शकली नाही. जे तीस जण उतरले होते त्यातले एकोणतीस गेले, एक पकडला गेला. कमांडो एका घराचा आसरा घेऊन लढत राहिले आणि शेवटी रणगाडे घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं, सहा कमांडो गेले. इथं माणसं उत्तम होती, हेलिकॉप्टरचे पायलट जिवावर उदार होऊन उडत होते, पण खबर कच्ची, रेडिओ उघडा, आणि आधी कुणी जाऊन रेकी केलेली नाही. स्पेशल फोर्सेसच्या युनिटला खबरीची स्वतःची साखळी नसली तर ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालतात, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागते.

अमेरिकेनं हाच धडा १९८० मध्ये घेतला. इराणमधले ओलीस सोडवायला गेले, माणसं आर्मीची, हेलिकॉप्टर नेव्हीची, ती उडवणारे बहुतेक मरीन्स, मोठी विमानं एअर फोर्सची, आणि या सगळ्यांनी एकत्र पूर्ण रंगीत तालीम कधी केलीच नव्हती. वाळवंटात हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण मेले. १९८७ मध्ये त्यांनी स्पेशल ऑपरेशन्स कमांड काढली, एक चार स्टार अधिकारी म्हणजे पूर्ण जनरलच्या दर्जाचा, स्वतःचं बजेट, आणि रात्री उडणारी हेलिकॉप्टर रेजिमेंट जिचं दुसरं कामच नाही. आपल्याकडं सी-१३०जे विमानं खास स्पेशल ऑपरेशनसाठी म्हणून घेतली, २०११ पासून दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर आली, फार चांगली विमानं, पण ती एअर फोर्सची आहेत आणि पूर आला की मदत न्यायला पण तीच जातात. ते चुकीचं नाही, पूरग्रस्तांना पण मदत पाहिजेच. पण टीमला दर आठवड्याला त्याच क्रूसोबत अंधारात उतरायचा सराव पाहिजे असतो, तो मिळत नाही.

२०१२ मध्ये नरेश चंद्र समितीनं आपल्याकडं पण स्पेशल ऑपरेशन्स कमांड करा असं सुचवलं. पूर्ण कमांड झाली नाही, पण २०१८ मध्ये आर्म्ड फोर्सेस स्पेशल ऑपरेशन्स डिव्हिजनला मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये मेजर जनरल ए. के. धिंग्रा पहिले प्रमुख झाले. पॅरा एसएफ, मार्कोस आणि गरुड यांच्यातले काही लोक तिच्याखाली एकत्र येतात, तिन्ही दलांच्या एकत्रित मुख्यालयाखाली ती काम करते. सुरुवातीला कच्छ आणि अंदमानमध्ये सराव झाले. तुझ्या 'सगळ्यांच्या वर एकच अधिकारी' या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर हेच. पण नीट समजून घे, सगळ्या पॅरा एसएफ बटालियन किंवा सगळे मार्कोस तिच्याकडं गेलेले नाहीत, ते आपापल्या दलाकडंच आहेत. एनएसजी आणि स्पेशल फ्रंटियर फोर्स तर तिच्या बाहेरच. माझं मत विचारशील तर डिव्हिजन ही पहिली पायरी म्हणून बरोबर आहे, पण तिला स्वतःची विमानं, स्वतःची खबर आणि स्वतःचं बजेट मिळाल्याशिवाय तिचं काम पूर्ण होणार नाही.

दुसरं एक दुखणं आहे, ते म्हणजे एसएफला नुसती वरच्या दर्जाची इन्फंट्री म्हणून वापरणं. एप्रिल २०२० मध्ये केरन सेक्टरमध्ये घुसखोरांचा माग काढायला ४ पॅराच्या स्क्वॉडला पाठवलं. कमरेइतका बर्फ, पायाखालचा बर्फाचा कडा तुटला आणि जवान थेट खाली नाल्यात लपलेल्या अतिरेक्यांच्या जवळ पडले. हातघाईवर आलं. पाचही अतिरेकी मारले, आणि आपले पाच जण गेले, सुभेदार संजीव कुमार त्यांच्यात होते. त्यांच्यासारखा जेसीओ घडायला पंधरा-वीस वर्षं लागतात. घुसखोर मारणं गरजेचंच आहे, पण ज्या लोकांना शत्रूच्या मुख्यालयामागं पाठवायला घडवलंय त्यांना रोजच्या शोधमोहिमेत लावताना कमांडरनं दोनदा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीनंतर ४ आणि ९ पॅराच्या टीम्स नियंत्रण रेषा ओलांडून गेल्या आणि परत आल्या, त्याला म्हणतात या लोकांचा योग्य वापर. दहा-अकरा दिवस तयारी, लक्ष्य नक्की, परतीची वाट आधीच ठरलेली.

म्हणूनच जुलै २०२५ मध्ये जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी द्रासला भैरव लाइट कमांडो बटालियन जाहीर केल्या तेव्हा मला बरं वाटलं. या लहान बटालियन आहेत, इन्फंट्री आणि एसएफच्या मधल्या जागेसाठी. प्रत्येक इन्फंट्री बटालियनमध्ये घातक प्लाटून, म्हणजे निवडक जवानांची हल्ला करणारी तुकडी, आधीपासून आहेच, तिच्या वर भैरव, आणि त्याच्या वर एसएफ. सीमेलगतची छापेमारी भैरवनं उचलली तर एसएफला आपल्या मूळ कामाला वेळ मिळेल. त्यांना चांगली माणसं द्यायला इन्फंट्री युनिट्स का-कू करतील, ते होणारच, पण दिशा बरोबर आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न. हो, मराठा लाइट इन्फंट्रीतून पॅरा एसएफमध्ये जाता येतं, आणि ही वाट जुनी आहे. ३ मराठा १९५२ मध्ये २ पॅरा झाली आणि तीच १९७१ च्या ११ डिसेंबरला टांगाइलला उतरली, पुंगली पूल धरला आणि ढाक्याकडं परतणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. २१ चं वर सांगितलंच. आज बेळगावच्या सेंटरमधून ट्रेनिंग करून युनिटला गेलास की पॅरासाठी स्वेच्छेनं नाव देता येतं, युनिटनं सोडावं लागतं, मग प्रोबेशन, मग आग्र्याला उड्या. पहिल्या कोर्सला पाच, त्यातली एक रात्रीची. बेळगावलाच इन्फंट्रीचा कमांडो कोर्स पण होतो आणि आपल्याकडं बरीच पोरं तो कोर्स आणि पॅरा एसएफ एकच समजतात. तो वेगळा आहे, तो करून माणूस आपल्या बटालियनच्या घातकमध्ये परत जातो आणि ते काम पण मोठं आहे.

तयारीचं सांगायचं तर धावणं कमी पडत नाही आपल्या पोरांचं, पोहणं कमी पडतं. दुष्काळी भागातला असशील तर आत्तापासून जवळचा तलाव किंवा तालुक्याचा स्विमिंग पूल शोध, एकटा उतरू नकोस, कुणीतरी जाणता सोबत ठेव. नकाशा वाचायला शीक, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मिळतात, त्यावर आपल्या गावाभोवतीची टेकडी शोध आणि कंटूर म्हणजे उंचीच्या रेषा बघून कुठल्या बाजूनं चढ सोपा आहे ते जाऊन पडताळ. हिंदी बोलायचा संकोच असेल तर तो पण आत्ताच घालव, कारण सॅंड मॉडेलसमोर उभा राहिलास की तुला हिंदीतच सांगावं लागेल, मी इथून जाणार आणि इथं थांबणार. गुडघे आणि पाठ जप. सरळ पाठीवर पोतं बांधून डोंगर उतरत पळू नकोस, ओझं आठवड्यागणिक थोडं थोडं वाढव. आणि भरतीचं शारीरिक झाल्यावर मेडिकलला गुडघ्याचं जुनं दुखणं लपवू नकोस, प्रोबेशनच्या दुसऱ्या महिन्यात ते बाहेर येतंच आणि तेव्हा तुझ्यासोबत तुझ्या बडीचं पण नुकसान होतं.